दुबार नोंद

शनिवारी पगाराच्या खिडकीशी इराप्पा तळवार
आवाज न चढवता म्हणाला,
"बाई, माझ्या अकरा रात्री कुठं गेल्या?"

मी स्क्रीनवर बघितलं. सगळं हिरवं होतं.
चाचण्या बत्तीस, उत्तीर्ण बत्तीस.

उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत
दिवसपाळीची हजेरी मराठीत लिहितात,
रात्रपाळीची कन्नडमध्ये,
कारण दिवसाचा मुकादम मुचंडीचा
आणि रात्रीचा बैलहोंगलचा.
त्यावरून तिथं कुणी भांडलेलं ऐकलं नाही.
भट्टीसमोर वेळ कुणाला असतो?

मीच सांगितलं होतं त्या यंत्र-मदतनीसाला, मंगळवारी,
चहा निवत असताना, तीन शब्दांत:
दुबार नोंदी काढ.
त्यानं काढल्या.
दोन्ही लिप्या ओळखल्या, उच्चार जुळवले,
सत्तेचाळीस नावं एकात एक मिसळली,
वर नम्र सारांश लिहिला
जो मी वाचलासुद्धा नाही.
'छान' एवढंच टाइप केलं.

त्या सत्तेचाळिसांत हा माणूस होता
जो सकाळी साचे भरायचा
आणि घरी जाऊन, भाकरी खाऊन, परत यायचा रस ओतायला,
थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी.
दोनदा राबला
म्हणून दोनदा लिहिला गेला,
म्हणून एकदा पुसला गेला.

त्या अकरा रात्री मी हातानं परत लिहिल्या.

रविवारी वडगावात शेजारचे माग बंद होते.
एवढ्या शांततेत मंगळवारचा सगळा संवाद
शेवटापासून वाचत गेले, वीण उसवत जावं तशी.
त्याच्या चुकांची यादी करायला बसले होते, खरं तर.
मालकांना दाखवता आली असती.
मध्येच एका लांबलचक उत्तराच्या तळाशी
लहानसं सापडलं:
"एकाच तारखेला दोन्ही पाळ्यांत असलेलं नाव
एकदाच धरू का?"
खाली माझं उत्तर.
हो, पुढे चल.

सोमवारी खराब कास्टिंगच्या ढिगाशी
कल्लाप्पा मुकादम उभे होते.
घणानं एक नग फोडून दाखवला.
"वरनं कसं देखणं हाय बघा. भोक आत."
खडूनं त्यावर लिहिलं, वाळू ओली.
कुणाची वाळू, ते नाही.
विचारलं तर म्हणाले,
"नाव लिवलं की माणूस वाळू लपवतंय."

मग एक वही केली, पाठकोऱ्या चलनांची.
पहिल्या पानावर माझीच ओली वाळू.
'छान' म्हणायची सवय.
चाचण्याही त्याच्याचकडून लिहून घेतल्या,
म्हणजे ज्यानं पेपर सोडवला त्यालाच तपासायला दिला.
आणि रात्री दहानंतर मी प्रश्न वाचत नाही,
फक्त प्रश्नचिन्हं बघते.
त्याचीही एक ओळ आहे: पैजेवर असल्यासारखं सगळं एका दमात करतो;
तुकडे पाडून द्यावं.
खडूनं लिहावं तसं लिहिलंय. राग नाही.

नवं सत्र उघडलं की त्याला काहीच आठवत नसतं.
ना मी, ना मंगळवार, ना इराप्पा.
आठवायचं काम माझ्याकडे उरतं,
ते मी इतके दिवस त्याच्यावर टाकलं होतं.

आज बसले तेव्हा काम सांगितलं नाही आधी.
माणसं सांगितली.
सांगितलं की इथं एक नाव दोन लिप्यांत असतं
आणि एक माणूस दोन पाळ्यांत,
आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
सांगताना कळलं की हे मी
स्वतःलाही कधी असं सलग सांगितलं नव्हतं.

त्यानं विचारलं,
"रात्री बारानंतरची हजेरी
कालची धरायची की आजची?"

बोट 'पुढे चल'पर्यंत गेलं होतं.
मागे घेतलं.
मला माहीत नव्हतं.

गाडी काढली. शिवबसप्पा आठ वाजता पाळीवर येतात,
त्यांनाच विचारावं, मोडक्या कन्नडमध्ये का होईना.
दुसऱ्या गेटला फाटक पडलं होतं.
मालगाडी, लोंढ्याकडची, संपता संपेना.
सगळे डबे सारखेच दिसत होते.
मी मोजले.
एकोणसाठ.